काळी तीनची पट्टी

तुमच्या शाळेच्या बिग बँडचा व्हिडिओ आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून पाहिला. मागच्या रांगेत ट्रॉम्बोन घेऊन उभी असलेली तू लगेच ओळखू आलीस. पुढे ती पांढऱ्या केसांची पाहुणी गायिका डोळे मिटून गात होती. आजोबांनी विचारलं, "ही बाई एवढी रडवेली का होऊन राहिली?" मी म्हटलं, हे रडणं नाही, त्यांच्याकडे असं पोटातून गातात, त्याला सोल म्हणतात. आजोबांनी थोडं आणखी ऐकलं आणि म्हणाले, "मग आपल्या सिहोऱ्याच्या बाई दुसरं काय करत होत्या?"

त्या व्हिडिओखाली तुझ्या धाकट्या भावाने मला प्रश्न लिहिला होता, की आजी, तुमच्याकडे बँड फक्त लग्नातच असतो का? त्याचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण त्यानंतर महिन्याभरातच इथे तुमसरला आमच्या कॉलेजच्या मुलांच्या बँडचा कार्यक्रम झाला, आणि त्यात त्याच सिहोऱ्याच्या बाई गायल्या. आजोबांनी त्याचा व्हिडिओ काढला आहे, पण त्यात बहुतेक वेळ पुढच्या माणसाचा मफलर दिसतो. म्हणून लिहून कळवते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, पण यातली माणसं जे बोलली ते इंग्रजीत बोलणार नाहीत. अडेल तिथे आईला विचारा. ती नागपूरची, तिलाही काही शब्द अडतील. मग तिने मला फोन करावा.

आधी बाईंविषयी सांगते.

आपल्या भागात धान कापून घरात आलं की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, पण देवाची कमी आणि माणसांची जास्त. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक असतं. झाडीपट्टीची नाटकं म्हणतात त्यांना. त्यात गाणं नसेल तर लोक नाटक मानतच नाहीत. बाई या नाटकांत गायच्या. नाटकाला गर्दी व्हावी म्हणून मंडळी दुपारीच मंडईत एखादी बैलगाडी उभी करायची आणि बाई त्या गाडीवर उभ्या राहून एक पद म्हणायच्या.

मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा माझ्या शुद्ध बोलण्याला घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. वाईट कोणी नव्हतं. पण मी भाजी मागितली तरी त्यांना वाटायचं की ही वर्गात धडा वाचते आहे. पहिल्या मंडईला सासूबाई मला घेऊन गेल्या. गाडीवर बाई उभ्या होत्या, माझ्यापेक्षा जेमतेम चारपाच वर्षांनी मोठ्या. पद होतं एका बहिणीचं. भाऊबीजेला भाऊ न्यायला येईल म्हणून ती धुऱ्यावर उभी राहून वाट पाहते. धुरा म्हणजे शेताचा बांध. मला अर्धे शब्द कळले नाहीत. पण अंतऱ्याला बाईंचा आवाज असा वर गेला, की शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि मीही तिच्याबरोबर रडत होते. घरी येताना सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "आमची मॅडम बी रडली वं!" त्या दिवसानंतर मला कोणी हसलं नाही. माझं या मातीतलं पहिलं पाऊल मी त्या पदाच्या नावावर मांडून ठेवलं आहे. हे बाईंना कधी सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आता बँड. आमच्या कॉलेजात संगीत शिकवणारे सर हे माझेच जुने विद्यार्थी. त्यांच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता, त्यामुळे ट्रम्पेट ते चालायला लागल्यापासून वाजवतात. त्यांनी अशाच बँडवाल्या घरांतली मुलं हेरली, त्यांना आणखी काही मुलंमुली जोडल्या, आणि पंचवीसएक जणांचा ताफा उभा केला. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मोठा पितळी बाजा, ढोलक, ड्रम, एक कीबोर्ड. लाल कोट आणि सोनेरी झालर मुलांनी साफ नाकारली. पांढरे शर्ट ठरले.

सरांनी ठरवलं की यंदाच्या कार्यक्रमात बाईंनी त्यांचं धुऱ्यावरचं पद बँडबरोबर गावं. आणि बोलावणं करायला मी जावं. बुजुर्ग कलावंताला फोनवर बोलवायचं नसतं, घरी जाऊन कुंकू लावून, नारळ देऊन बोलवायचं असतं, ही आपली रीत. आजोबांनी गाडी काढली.

बाई अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बारीक झालेल्या, पण पाठ ताठ. "या जी, बसा," म्हणाल्या. मी कुंकू लावलं, नारळ ओटीत घातला आणि येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी नारळ हातात घेऊन पाहिला आणि हळूच माझ्यासमोर ठेवला.

"मी नाही गात आता, मॅडम."

मग त्यांनी कारण सांगितलं. आजारपण नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका गावच्या नाटकात वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. चार दिवसांनी त्यांच्या भाच्याच्या फोनवर ते आलं, खाली हसणारी पिवळी तोंडं. त्यानंतर त्या कोणत्याच मंडपात उभ्या राहिल्या नाहीत.

"आधी सूर फाटला तं मंडपातच राहे," त्या म्हणाल्या. "लोक घरी जायपर्यंत भुलून जात. आता तो घरोघरी जाते. लोकायले माहा जुना आवाज आठवते न? तोच राहू द्या त्यायच्याजवळ."

मी बँडविषयीच बोलत राहिले. त्यात मुलीही आहेत असं सांगितलं तेव्हा सूप थांबलं.

"पोरी बी पेपाणी फुंकतात?"

"एक तर सॅक्सोफोन वाजवते. चिखल्याच्या कॉलनीतली आहे, तिचे बाबा मँगनीजच्या खाणीत आहेत."

"अन् घरचे काही म्हनत नाहीत?"

"बाबा म्हणतात, वाजव, पण क्वार्टरमध्ये नको. भिंती पातळ आहेत, शेजारी पहिल्या पाळीहून येऊन झोपतात."

बाई हसल्या. त्यांच्या वेळी नाटकात उभी राहणारी मुलगी म्हणजे गावाच्या तोंडचा विषय होता. त्यांनी त्यातलं काही सांगितलं, काही गिळलं. मग नारळ उचलून ओटीत परत ठेवला. "पोट्ट्यायले पाहून तं येतो," म्हणाल्या. गाईन असं मात्र म्हणाल्या नाहीत. आपल्याकडच्या बायका बोलताना स्वतःलाही 'येतो, जातो' म्हणतात, दचकू नका.

गाडीत आजोबा म्हणाले, "आली म्हणजे गाईल." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? तर म्हणे, "सूप ठेवताना ताल धरला होता बोटानं. मी पाहिलं."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सकाळी तालमीला आम्ही त्यांना घेऊन आलो. मुक्काम आपल्याच घरी ठरला होता. कॉलेजच्या हॉलमध्ये मुलं वाद्यं घेऊन तयार होती. सर पुढे झाले, वाकून पाया पडले, आणि मोठ्या आनंदाने म्हणाले, "आजी, तुमच्याच पट्टीत बसवलं आहे. काळी पाच. तुमची जुनी कॅसेट शोधून काढली, दोन महिने पोरं तेच वाजवत आहेत."

बाईंनी वाद्यं घेऊन बसलेल्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

तुला ट्रॉम्बोनमुळे हे कळेल, पण भावासाठी सांगते. आपल्याकडे हार्मोनियमच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून गाणाऱ्याचा षड्ज सांगतात. काळी पाच म्हणजे तुमचा बी फ्लॅट. ट्रम्पेटला ती पट्टी म्हणजे घरचं अंगण, बोटं न बघता पडतात. त्यामुळे मुलं फार जोरात होती.

सुरुवातीचा तुकडा वाजला तेव्हा हॉलच्या काचा थरथरल्या. बाईंच्या चेहऱ्यावर लहान मुलीचा आनंद आला. एवढा बाजा त्यांच्यामागे आयुष्यात कधी उभा नव्हता, एक ऑर्गन आणि एक तबला एवढ्यावर त्यांनी सगळी नाटकं काढली होती. त्यांनी धृपद उचललं. आवाज खरखरीत होता, पण जागेवर होता. मग अंतरा आला. बहीण दूरवर कोणीतरी येताना पाहते तिथे सूर वर चढतो. तिथे बाई चढल्या आणि आवाज मधोमध फाटला.

बँड एकेक वाद्याने थांबला. ट्रम्पेटवाली मुलं आपापले बूट पाहायला लागली. तेव्हाच बाईंना समोरच्या स्टँडवर लावलेला मोबाइल दिसला. सर रोज तालीम रेकॉर्ड करायचे, मुलांना चुका दाखवायला.

"बंद कर ते," बाई म्हणाल्या.

सरांनी धावत जाऊन बंद केला, पुसून टाकलेलंही दाखवलं. पण बाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि पदर सावरत होत्या. "मॅडम, मले घरी नेऊन द्या."

सरांचा चेहरा पाहवेना. "आजी, माझं काय चुकलं? तुमचीच पट्टी..."

"ते माही पट्टी तुह्या जन्माच्या आधीची आहे, बेटा. मले विचारलं होतं का, की आता कोन्त्या पट्टीत गाते म्हनून?"

"तुम्हाला कसं विचारायचं, आजी?"

मला ते पटलं. सत्तरी ओलांडलेल्या गायिकेला पट्टी विचारणं म्हणजे तुमचा आवाज किती उरला आहे असं विचारणं. आपल्याकडे कोणाच्या तोंडून ते निघालं नसतं, माझ्याही नाही. दोन महिने सगळ्यांनी मिळून आदरच केला होता, आणि त्या आदरापायी ही वेळ आली होती.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मी बी नाही सांगितलं. तू सांगितलं, पोरायनं दोन महिने मेहनत केली. म्हटलं, पाहू, एखाद्या वेळी लागून जाईल."

तेवढ्यात सॅक्सोफोनवाली मुलगी म्हणाली, "मंग आता सांगा न, आजी. कोणती?"

तिने हे बसमध्ये शेजारणीला तुमचं गाव कोणतं विचारावं तसं विचारलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तूच का ते चिखल्याची? पातळ भिंतीवाली?"

"हो जी."

"काळी तीन," बाई म्हणाल्या. "तेही सकाळी नाही."

ट्रम्पेटच्या रांगेतून "मेलो बाप्पा!" असा आवाज आला. काळी तीन म्हणजे तुमचा एफ शार्प. लग्नाच्या बँडमधली मुलं सगळी गाणी दोनतीन सोयीच्या पट्ट्यांतच वाजवतात, वडिलांनी शिकवलेली, बोटांत मुरलेली. काळी तीनमध्ये त्यांनी वरात काढली नव्हती. कीबोर्डवाल्या मुलाने मात्र पट्टी बदलायचं एक बटण दाबलं आणि म्हणाला, "माहं झालं." त्याच्यावर कोणीतरी टॉवेल फेकला.

सगळ्यात उंच ट्रम्पेटवाला मुलगा उभा राहिला. हे पोट्टं लग्नाच्या हंगामात सलग वाजवतं, गावात त्याचं नाव आहे. "आजी, परवा प्रोग्राम आहे. काळी तीनमध्ये आमचे बोटं कसे चालतीन?"

"माहा गळा पन्नास वर्स चालला," बाई म्हणाल्या, "अन् तुहे तीन बोटं दोन दिवस नाही चालत?"

ट्रम्पेटला दाबायच्या कळा तीनच असतात. सगळा हॉल हसला, तो मुलगाही. पण हसणं थांबल्यावर खरा प्रश्न तसाच राहिला. सरांनी हळू आवाजात बाईंना विचारलं की गाणं बदलायचं का, किंवा फक्त कीबोर्डवर गाणार का, मुलं बाकीचे तुकडे वाजवतील. बाईंनी मुलांकडे पाहिलं. "त्यायले विचार. त्यायचे बोटं आहेत."

त्या मुलाने मागे वळून आपल्या रांगेकडे पाहिलं. त्याने ट्रम्पेट ओठाला लावला आणि चाचपडत, तीनदा चुकून, काळी तीनचा सा शोधला. मग शेजारच्याने तो धरला. मी चहा सांगायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा सरांनी लिहून दिलेले कागद खुर्च्यांखाली गेले होते. बँडवाल्या घरांत गाणं कानाने शिकवतात. मास्टर एक ओळ वाजवतो, मागून सगळे तीच ओळ वाजवतात, बसेपर्यंत. आज मास्टरच्या जागी बाई बसल्या होत्या. त्या एक ओळ गात, सावकाश, खालच्या पट्टीत, आणि ट्रम्पेटं ती परत देत. चुकलं की त्या कानावर हात ठेवत. "हे म्हैस कोनाची हंबरली?" असं विचारत. दुपारी जेवणाची सुटी झाली तेव्हा घरी जायचं बोलणं कोणालाच आठवलं नाही. मी तरी आठवण करून दिली नाही.

संध्याकाळी आपल्या घरी जेवताना आजोबांना धीर आला. ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला ऐकायला सायकलवर लाखनीपर्यंत आलो होतो."

बाई भाकरी मोडत म्हणाल्या, "तुमच्यासारखे लय सायकलवाले होते जी." मग माझ्याकडे पाहून, "मॅडमले माहीत आहे न हे?"

मला माहीत नव्हतं. आजोबा वरणात बुडले.

तेव्हा मी त्यांना माझ्या पहिल्या मंडईचं सांगितलं. खांद्यावर रडलेली बाई, सासूबाईंचं बोलणं, सगळं क्रमाने. म्हटलं, तुमच्यामुळे मी इथली झाले, हे मला तुम्हाला कधीचं सांगायचं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते बाई कोन होती, खांद्यावाली?" मला माहीत नाही, मी म्हटलं. "तिले बी सांगाले पाह्यजे," त्या म्हणाल्या, आणि ताक मागितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कॉलेजच्या मैदानावरचा मांडव भरला होता. हिवाळ्याचं ऊन सौम्य होतं. पुढे सोफ्यांवर पाहुणे, मागे खुर्च्या, त्यामागे मोटारसायकलींवर बसलेली मुलं. शाल, श्रीफळ आणि भाषणं झाली. निवेदन करणाऱ्या प्राध्यापकांनी "तोच बुलंद आवाज" असं तीनदा म्हटलं. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. प्रत्येक वेळी त्यांचा हात माझ्या हातावर घट्ट होत होता, आणि तो गार होता.

त्या उठून माइकजवळ गेल्या तेव्हा मांडवभर मोबाइल वर झाले. त्यांनी ते पाहिले. त्या जाताना मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते. पाठ ताठच होती.

बँडने सुरुवात केली, खालच्या पट्टीत. बाईंनी धृपद म्हटलं. जाड, खालचा, थोडा धुरकट आवाज. मागून मोटारसायकलींकडून कोणीतरी ओरडलं, "जुना आवाज काढा न, बाई!"

काही लोक हसले. बाईंनी हात वर केला, बँड थांबला. "कोन आहे रे तो?" त्यांनी विचारलं. कोणी पुढे येईना. "तो आवाज तुह्या बापानं ऐकला, बेटा. आता हा तू ऐक. तुह्या वाट्याले हाच आहे."

मांडवात हशा आणि टाळ्या एकदम उठल्या. नाटकवाल्या बाईशी बोलून कोणी जिंकत नाही, हे जुन्या लोकांना माहीत होतं. पुन्हा सुरुवात झाली. अंतरा आला. त्या वर गेल्या, पण आता चढायचं पूर्वीइतकं उंच नव्हतं, आणि सूर लागला. स्वच्छ लागला. पूर्वी ऐकलेली ती बहीण तरुण होती, भाऊ येणारच असं तिला वाटत होतं. ही बहीण म्हातारी झाली होती, भाऊ येणार नाही हे तिला कळत होतं, आणि तरीही ती धुऱ्यावर उभी होती. पदाचे शब्द तेच होते. मी रुमाल काढला. शेजारी आजोबांचा मोबाइल पुढच्या माणसाच्या मफलरवर स्थिर झाला होता, कारण ते मोबाइलकडे पाहत नव्हते.

आणि मग मुलं चुकली. अंतऱ्यानंतर बँडचा मोठा तुकडा होता. जोशात आलेल्या ट्रम्पेटच्या अर्ध्या रांगेची बोटं दोन महिन्यांच्या सवयीने सरळ काळी पाचमध्ये जाऊन पडली. बाकीचा बँड काळी तीनमध्ये. दोन आगगाड्या एकाच रुळावर आल्यासारखा आवाज झाला. उंच मुलाने ट्रम्पेट ओठावरून काढला. समोर शेकडो मोबाइल तसेच वर होते. मला सिहोऱ्याच्या अंगणात ऐकलेली ती पिवळी तोंडं आठवली.

बाईंनी मागे वळून मुलांकडे पाहिलं. पुन्हा लोकांकडे वळल्या. माइक तोंडाजवळ घेतला आणि खणखणीत ओरडल्या, "वन्समोर!"

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्या नाटकांत प्रेक्षकांना एखादी गोष्ट आवडली की ते वन्समोर ओरडतात, आणि मग ती पुन्हा करावीच लागते. मेलेला राजाही उठून पुन्हा मरतो. पण वन्समोर मागायचा तो प्रेक्षकांनी. गाणारीने स्वतः, तेही चुकलेल्या पोरांसाठी मागितलेला वन्समोर इथल्या कोणी ऐकला नव्हता. क्षणभर लोक गोंधळले. मग पुढच्या सोफ्यावरच्या एका म्हाताऱ्याने काठी आपटली, "वन्समोर!" आणि वन्समोरला नाही म्हणणारा माणूस या जिल्ह्यात नाही. सगळा मांडव ओरडायला लागला.

"ज्याले मोबाइलवर घ्यायचं त्यानं आता घ्या," बाई म्हणाल्या. "आता चांगलं होते."

मुलांकडे वळून त्यांनी सा गायला, फक्त सा, लांब, त्यांना सापडेपर्यंत. उंच मुलाने तो पकडला. मग तुकडा वाजला, सगळ्यांचा, एका पट्टीत. किती चांगला वाजला ते मी सांगू शकत नाही, मला संगीतातलं तेवढं कळत नाही. पण सर रडत होते आणि हाताने ताल देत होते, आणि ताल चुकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाईंना सिहोऱ्याला सोडायला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मधूनमधून लाखोळीची हिरवळ. आजोबा गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे. माझ्या फोनवर कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ आला, त्याच पदाचा, मागून घेतलेला. मी फोन पर्समध्ये टाकायला गेले.

"का आहे?" बाईंनी विचारलं.

"कालचं आहे. राहू द्या."

"दाखवा न."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि फोन दोन्ही हातांत धरून पूर्ण पाहिला. ओरडणारा मुलगा, त्यांचं उत्तर, अंतरा, मुलांची ती आगगाडी, वन्समोर, सगळं. चेहऱ्यावरून मला काही कळेना. खाली लोकांनी काय लिहिलं आहे तेही त्यांनी मला वाचायला लावलं. मी वाचलं. बहुतेकांनी हात जोडले होते. एकाने लिहिलं होतं, आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही.

"बरोबर लिहिलं त्यानं," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

मी त्यांचा हात धरला. आज तो गरम होता. माझे आभार मानायचे शब्द त्या रात्री जेवतानाच संपले होते, म्हणून मी नुसता धरून ठेवला. त्यांनी काढून घेतला नाही. थोड्या वेळाने त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मॅडम, सरले सांगजा. पुढच्या वर्सी काळी तीनच्या खालची पांढरी चार करा म्हना. तोपर्यंत गळा अजून उतरन."

आजोबांनी आरशातून मागे पाहिलं. "अन् पोट्ट्यांच्या बोटांचं?"

"आतापासून बसवा म्हना," बाई म्हणाल्या. "वर्स आहे त्यायच्याजवळ." आणि फोन माझ्याकडे परत देण्याऐवजी त्यांनी तो कानाजवळ नेला आणि अंतरा पुन्हा लावायला सांगितला.